इमारतीचे सामायिक मॉडेल आणि मान्यतेचा प्रश्न

कोणतीही मोठी इमारत एका हाताने रेखाटली जात नाही. वास्तुशिल्पज्ञ तिची योजना करतो, संरचना-अभियंता तिचा भार जमिनीपर्यंत कसा पोहोचवावयाचा ते ठरवितो, पाणी, वीज व वायुवीजन ह्यांचे तज्ज्ञ आपापल्या वाहिन्या तीत बसवितात, आणि पोलादाचा कारखानदार व कंत्राटदार ह्या सर्वांच्या आरेखनांवरून कामापुरती आरेखने पुन्हा तयार करतात. कागदाच्या काळात ही देवघेव निळ्या प्रतींच्या गुंडाळ्यांनी होत असे. गेल्या तीसएक वर्षांत ती संगणकावरील सामायिक मॉडेलांच्या द्वारे होऊ लागली आहे. ह्या साधनांविषयी जे लिहिले जाते त्यात वेग, अचूकपणा व काटकसर ह्यांचाच उल्लेख प्रामुख्याने आढळतो. आरेखनाचा कागद तीन निरनिराळ्या गोष्टी वाहून नेत असे, हे मात्र त्यात बहुधा विसरले जाते. पहिली गोष्ट वस्तूचा आकार. दुसरी, ती वस्तू तशी का आहे ह्याचा हेतू. आणि तिसरी, कोपऱ्यातील सही-शिक्क्याच्या रूपाने त्या आरेखनाचा दर्जा, म्हणजे त्यावर कोणी, कितपत व कशासाठी विसंबावे ह्याचा निर्देश. संगणकाने आकार प्रथम उचलला, हेतू अंशतः उचलला, आणि दर्जाकडे त्याचे लक्ष सर्वांत उशिरा गेले. हा दर्जा म्हणजे काय हे समजून घेण्यास ह्या साधनांच्या आगमनापूर्वीची एक दुर्घटना जितकी उपयोगी पडते तितके सॉफ्टवेअरचे कोणतेही वर्णन पडत नाही.

अमेरिकेतील मिसूरी राज्यात कॅन्सस सिटी येथे हायट रीजन्सी हे चाळीस मजली हॉटेल जुलै १९८० मध्ये सुरू झाले. त्याच्या प्रशस्त दालनात दुसऱ्या, तिसऱ्या व चौथ्या मजल्यांच्या उंचीवर सुमारे १२० फूट लांबीचे पादचारी पूल छतापासून पोलादी सळयांनी टांगलेले होते. चौथ्या मजल्याचा पूल दुसऱ्या मजल्याच्या पुलाच्या बरोबर वर होता. तिसऱ्या मजल्याचा पूल बाजूला स्वतंत्र होता. १७ जुलै १९८१ रोजी सायंकाळी दालनात नृत्याचा कार्यक्रम चालू असता चौथ्या मजल्याचा पूल सळयांवरून सुटला आणि खालच्या पुलासह गर्दीवर कोसळला. ११४ माणसे मृत्युमुखी पडली व दोनशेहून अधिक जखमी झाली.

मूळ आरेखनाप्रमाणे प्रत्येक सळई छतापासून निघून चौथ्या मजल्याच्या तुळईतून आरपार जाऊन दुसऱ्या मजल्याच्या तुळईपर्यंत अखंड पोहोचावयाची होती. दोन्ही तुळया आपापल्या नटावर टेकलेल्या. दोन्हींचा भार सळईवर, परंतु प्रत्येक नटावर एकाच पुलाचा. कारखान्याच्या दृष्टीने ही योजना अडचणीची होती. वरचा नट चौथ्या मजल्याच्या उंचीपर्यंत चढवावयाचा तर खालच्या टोकापासून तिथवर सळईला आटे पाडावे लागले असते, आणि उभारणीच्या धकाधकीत हे आटे खराब होण्याची भीती होती. म्हणून एका सळईच्या जागी दोन सळया योजण्यात आल्या. पहिली छतापासून निघून चौथ्या मजल्याच्या तुळईखाली संपली. दुसरी त्याच तुळईवर, काही इंचांच्या अंतरावर सुरू होऊन दुसऱ्या मजल्यापर्यंत गेली. आढ्याला बांधलेल्या एकाच दोरीवर दोन शिंकी निरनिराळ्या गाठींनी अडकविणे आणि खालचे शिंके वरच्या शिंक्याच्या बुडाला बांधणे ह्यांत जो फरक, तोच येथे होता. दोरीवरील भार दोन्ही वेळी सारखाच राहतो. पण दुसऱ्या रीतीत वरच्या गाठीवर दोन्ही शिंक्यांचा भार येतो. तद्वतच चौथ्या मजल्याच्या तुळईखालील नटावर आता दोन पुलांचा भार आला. तुळईही पन्हळीच्या आकाराची दोन पोलादी चॅनेले तोंडास तोंड लावून व कडा वेल्डिंगने सांधून केलेली पोकळ पेटी होती. सळईचे भोक नेमके त्या सांध्यावर पडले होते. सांधा फाकला आणि नट व वायसर तुळईतून वर ओढले गेले.

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने जी चौकशी केली तीत असे आढळून आले की, मूळ योजनाही नगराच्या बांधकाम-नियमांस आवश्यक अशा शक्तीच्या सुमारे ६० टक्केच शक्तीची होती, आणि बदलामुळे तीही निम्म्यावर आली. हे पूल स्वतःचे वजन कसेबसे पेलण्याइतकेच समर्थ होते. गणित अवघड नव्हते. अभियांत्रिकीच्या कोणत्याही विद्यार्थ्याने ते काही मिनिटांत केले असते. ते कोणी केले नाही, आणि का केले नाही, हा खरा प्रश्न होता.

संरचना-अभियंत्याच्या कार्यालयाची समजूत अशी की, पोलादी जोडांचे तपशीलवार गणित व्यवसायातील रूढीनुसार कारखानदार करतो. कारखानदाराची समजूत अशी की, आरेखनात जो जोड दाखविला आहे तो अभियंत्याने गणित करूनच दाखविलेला आहे. शिवाय कारखानदाराने कामाची आरेखने, ज्यांना व्यवसायात शॉप ड्रॉइंग म्हणतात, ती अखेरीस बाहेरच्या एका कार्यालयाकडून करून घेतली. त्या कार्यालयाने जोडाचे काम आधीच झाले आहे असे धरले. फेब्रुवारी १९७९ मध्ये ही शॉप ड्रॉइंगे अभियंत्याकडे गेली व मान्यतेचा शिक्का बसून परत आली. सळया बदलण्याविषयी दूरध्वनीवरून विचारणा केली होती व तोंडी संमती मिळाली होती, असे कारखान्याचे म्हणणे होते. असा दूरध्वनी आल्याचे अभियंत्यांनी नाकारले. त्या संभाषणाचा लेखी पुरावा नव्हता. पुढे संबंधित अभियंत्यांचे परवाने रद्द झाले, आणि १९८८ मध्ये मिसूरीच्या अपील न्यायालयाने तो निर्णय कायम केला. शिक्का मारणाऱ्यास शिक्क्याखालच्या गोष्टीची जबाबदारी दुसऱ्यावर ढकलता येत नाही, असा त्या निर्णयाचा मथितार्थ होता.

आता संगणकीय साधनांकडे वळावयाचे. त्यांची वाढ ह्या घटनेमुळे झाली नाही. ती स्वतंत्र वाटेने झाली, आणि आरंभी तिचा रोख अगदी वेगळ्या अडचणीवर होता. आयव्हन सदरलंड ह्यांनी १९६३ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे सादर केलेल्या ‘स्केचपॅड’ ह्या प्रबंधाने पडद्यावर प्रकाशलेखणीने रेखाटन करणे शक्य आहे हे दाखविले. वास्तुरचनेच्या दृष्टीने अधिक मूलगामी विचार चार्ल्स ईस्टमन ह्यांनी कार्नेगी-मेलन विद्यापीठात १९७४-७५ च्या सुमारास मांडला. इमारतीतील एकच भिंत तलचित्रात, छेदचित्रात, उभ्या दर्शनात व तपशिलात अशी वारंवार काढली जाते. एका ठिकाणी बदल झाला की तो सर्वत्र करावा लागतो, आणि तो कुठे तरी राहून जातो. त्याऐवजी भिंतीचे वर्णन एकदाच साठवावे व आरेखने त्यातून उत्पन्न करावीत, असे त्यांनी सुचविले. आज बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग, किंवा आद्याक्षरांवरून ‘बिम’, म्हणून जी पद्धती ओळखली जाते तिचे बीज ह्या विचारात आहे.

एकच मॉडेल म्हटले की ते एका वेळी किती जणांनी हाताळावयाचे, हा प्रश्न ओघानेच आला. हंगेरीत तयार झालेल्या आर्किकॅड ह्या सॉफ्टवेअरमध्ये १९९७ साली सामूहिक कामाची सोय झाली. तीत मूळ फाईलचे भाग करून प्रत्येक सहकाऱ्याच्या स्वाधीन केले जात. २००९ साली त्याच सॉफ्टवेअरने सर्व्हरचा आश्रय घेतला. तेव्हापासून संपूर्ण फाईल न पाठविता केवळ बदललेला अंश पाठविणे व एखादा खांब किंवा दरवाजा तेवढाच आपल्या नावे राखून ठेवणे शक्य झाले. २००० साली बाजारात आलेल्या व पुढे ऑटोडेस्क कंपनीने विकत घेतलेल्या रेव्हिटमध्ये ह्याच हेतूने एक मध्यवर्ती मॉडेल व प्रत्येकाची स्थानिक प्रत अशी रचना असते. कोणी एखाद्या भिंतीस हात लावला की ती त्याच्या नावे ‘उसनी’ जाते, आणि तो आपली प्रत मध्यवर्ती मॉडेलशी जुळवून ती परत करीपर्यंत इतरांस ती बदलता येत नाही. ग्रंथालयातील पुस्तकाप्रमाणेच ही व्यवस्था आहे. तिच्यामुळे दोघांनी एकाच वस्तूत परस्परविरुद्ध बदल करण्याचा धोका टळतो. मात्र उसने घेणाऱ्यास तो बदल करण्याचा अधिकार होता की नाही, हे तिला ठाऊक नसते. पुस्तक कोणाच्या नावावर आहे एवढेच वहीत लिहिलेले असते.

एका कार्यालयाच्या आत ही व्यवस्था चालते. कार्यालयाबाहेर प्रत्येक व्यवसायाचे सॉफ्टवेअर निराळे. पोलादाचा कारखानदार टेक्लासारखे वापरणार, वास्तुशिल्पज्ञ रेव्हिट किंवा आर्किकॅड, आणि एकाची फाईल दुसऱ्यास वाचता येईलच असे नाही. ही भाषाभिन्नता किती महाग पडते ह्याचा एक अंदाज अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेच्या २००४ च्या अहवालात आहे. मोठ्या इमारती व कारखाने ह्यांच्या क्षेत्रात माहितीची आपापसात नीट देवघेव न झाल्यामुळे होणारे २००२ मधील नुकसान त्यात १५.८ अब्ज डॉलर धरले असून त्याचा सुमारे दोन-तृतीयांश भाग इमारतीच्या मालकांवर व ती चालविणारांवर पडतो असे म्हटले आहे. आरेखनाची चूक आरेखनकारापेक्षा मालकाच्या पदरी अधिक पडावी, ही गोष्ट ह्या व्यवसायातील बऱ्याच गोष्टींचा उलगडा करते.

ह्यावर उपाय म्हणून १९९० नंतरच्या दशकात ‘आय.एफ.सी.’ ही तटस्थ माहितीरचना आकारास आली व २०१३ साली तिला आंतरराष्ट्रीय मानकाचा पूर्ण दर्जा मिळाला. तीत भिंत ही रेषांचा समूह नसून ‘भिंत’ ह्याच नावाने नोंदलेली वस्तू असते आणि प्रत्येक वस्तूस बावीस अक्षरांची स्वतंत्र ओळख दिलेली असते. निरनिराळ्या व्यवसायांची अशी मॉडेले एकत्र आणून एकमेकांवर ठेवली की त्यांतील टकरी संगणक शोधून काढतो. वायुवाहिनी तुळईतून जात आहे, नळाला दुरुस्तीसाठी हात घालण्याइतकी जागा नाही, असे शेकडो दोष बांधकामापूर्वीच सापडतात. व्यवहारात ‘क्लॅश’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ह्या तपासणीने साइटवरची तोडफोड पुष्कळ वाचविली आहे, ह्यात शंका नाही. तिच्या याद्या मात्र कधी कधी हजारोंच्या घरात जातात, आणि त्यांतील बहुसंख्य नोंदी क्षुल्लक असतात, हेही तितकेच खरे.

ही तपासणी कॅन्सस सिटीच्या मॉडेलवर चालविली असती तर काय दिसले असते? काहीच दिसले नसते. दोन सळया तुळईतील दोन भोकांतून नीट जातात, कोणाला धडकत नाहीत, नट बसावयास पुरेशी जागा आहे. आकाराच्या दृष्टीने बदललेली योजना मूळ योजनेइतकीच निर्दोष होती. किंबहुना आटे पाडण्याचा विचार करता अधिक सोयीची होती. टक्कर दोन समजुतींची होती, आणि समजुतींना मॉडेलमध्ये आकार नसतो. संरचनेच्या सॉफ्टवेअरमध्ये गणितासाठी रेषा व बिंदू ह्यांचे निराळे मॉडेल असते, त्यात भारवाटप कळले असते, हा आक्षेप योग्य आहे. परंतु कारखान्याच्या मॉडेलात केलेला बदल त्या गणिती मॉडेलात कोणी तरी नेऊन पाहावा लागतो. तो आपोआप तेथे जात नाही.

अधिक उपयोगी पडली असती ती आवृत्त्यांची तुलना. नव्या मॉडेलात कोणती वस्तू नाहीशी झाली व कोणती नवी आली, हे आजची साधने रंगांनी दाखवितात. एका सळईच्या जागी दोन आल्या हे त्यांनी लपविले नसते. येथे एक बारीक अडचण आहे, आणि ती वापरणारांच्या सहसा ध्यानात येत नाही. वस्तूविषयीची चर्चा त्या वस्तूच्या ओळखीशी बांधलेली असते. २००९-१० च्या सुमारास टेक्ला व सोलिब्री ह्यांच्या पुढाकाराने निघालेली ‘बी.सी.एफ.’ ही पद्धती ह्याच तत्त्वावर चालते. संपूर्ण मॉडेल न पाठविता प्रश्न, पाहण्याचा कोन व संबंधित वस्तूंची ओळख एवढेच पाठविले जाते. दूरध्वनीवरील संभाषणापेक्षा हे कितीतरी बरे. विचारले कोणी, उत्तर कोणी व केव्हा दिले, हे त्यात कायम राहते. पण अखंड सळई काढून तेथे दोन नव्या सळया घातल्या की जुन्या सळईची ओळख नष्ट होते आणि तिच्याशी जोडलेला प्रश्न निराधार होतो. नव्या सळयांवर क्लिक करणाऱ्यास त्यांच्याविषयी कधी काही वाद होता ह्याची खूण दिसेलच असे नाही. ज्या बदलाची नोंद सर्वांत आवश्यक, नेमका त्याच बदलात धागा तुटण्याचा संभव अधिक.

दर्जाच्या प्रश्नास थेट हात घालणारे दोन प्रयत्न विशेष विचारार्ह आहेत. पहिला अमेरिकन वास्तुशिल्पज्ञ संस्थेचा. तिने २००८ साली करारास जोडावयाचे एक परिशिष्ट प्रसिद्ध केले. त्यात मॉडेलमधील प्रत्येक प्रकारच्या घटकाचा कर्ता कोण आणि तो घटक किती विकसित समजावा हे १०० ते ५०० अशा पायऱ्यांनी लिहावयाचे असते. पडद्यावर सर्वच वस्तू सारख्याच रेखीव दिसतात, अंदाजाने ठेवलेला खांब व गणिताने सिद्ध झालेला खांब ह्यांत डोळ्यांना भेद करता येत नाही, ह्या धोक्यावर हा उपाय होता. कागदावर निदान कच्चे रेखाटन कच्चे दिसत असे. २०१३ साली ह्या पायऱ्यांत ३०० व ४०० ह्यांच्या मध्ये ३५० ही नवी पायरी घालण्यात आली, आणि ती मुख्यतः एका घटकाचा दुसऱ्याशी होणारा सांधा दाखविण्यासाठी आहे. अभियंत्याचे आरेखन जेथे संपते व कारखान्याचे जेथे सुरू होते, अशा ह्याच पट्ट्यात कॅन्सस सिटीचा जोड सापडला होता.

दुसरा प्रयत्न ब्रिटनमधला. तेथे २००७ च्या मानकात माहितीच्या चार अवस्था सांगितल्या आणि २०१८ च्या आयएसओ १९६५० ह्या आंतरराष्ट्रीय मानकाने त्या स्वीकारल्या. स्वतःच्या हाती चालू असलेले काम, इतरांस दाखविण्यासाठी दिलेले, अधिकृतपणे प्रसिद्ध केलेले आणि जतन केलेले, असे ते चार कप्पे होत. एका कप्प्यातून दुसऱ्यात जाताना तपासणी व मान्यता नोंदवावी लागते, आणि दिलेली फाईल समन्वयासाठी आहे, माहितीसाठी आहे, अभिप्रायासाठी आहे की मंजुरीसाठी आहे, ह्याची संक्षिप्त खूण ब्रिटिश व्यवहारात तिच्यावर असते. एप्रिल २०१६ पासून ब्रिटिश सरकारने मध्यवर्ती खात्यांच्या बांधकामांत सामायिक मॉडेलाची पद्धती अपेक्षित धरल्यामुळे ह्या शिस्तीचा प्रसार झाला. ती कंटाळवाणी आहे अशी तक्रार तरुण वास्तुशिल्पज्ञ नेहमी करतात, व ती अगदी निराधार नाही. परंतु ‘दाखविण्यासाठी दिलेले’ आणि ‘बांधण्यासाठी दिलेले’ ह्यांतला भेद दूरध्वनीवर ठरू देणे किती महाग पडते, ह्याचे उदाहरण वर आलेच आहे.

तथापि ह्या व्यवस्थेतही शिक्का हा शिक्काच राहतो. हायटची शॉप ड्रॉइंगे बेचाळीस होती व ती सुमारे दहा दिवसांत परत आली. आज मान्यतेचे बटण दाबण्यास एक क्षण पुरतो, आणि ते दाबणाऱ्यापुढे दिवसाकाठी येणाऱ्या सूचनांची संख्या त्या बेचाळीस आरेखनांहून कितीतरी मोठी असू शकते. संगणक मान्यतेची वेळ सेकंदापर्यंत नोंदवितो. मान्यतेपूर्वी गणित झाले की नाही हे विचारण्याची सोय मात्र बहुतेक ठिकाणी नसते. मान्यतेबरोबर गणिताचा कागद जोडल्याखेरीज बटणच दाबता येऊ नये, एवढी साधी अट घालणे तांत्रिकदृष्ट्या मुळीच अवघड नाही. ती क्वचितच घातली जाते, कारण तिने काम मंदावते, आणि साधन विकत घेताना वेग हाच तर त्याचा मुख्य गुण म्हणून सांगितलेला असतो.

ह्या प्रश्नाचा महाराष्ट्राशी असलेला संबंध दूरचा नाही. अमेरिका व ब्रिटन येथील अनेक इमारतींची बिम मॉडेले आणि पोलादी सांगाड्यांची शॉप ड्रॉइंगे आज पुण्यामुंबईच्या कार्यालयांत तयार होतात. कॅन्सस सिटीच्या प्रकरणात बाहेरून काम करणाऱ्या कार्यालयाची जी जागा होती, तीच येथील आरेखनकाराची जागा आहे. मूळ अभियंता आणि तो ह्यांच्यामध्ये कारखानदार उभा असतो, शिवाय दहा-अकरा तासांचे अंतर असते. त्यामुळे एखादी सळई बनविण्यास गैरसोयीची वाटली तर दूरध्वनी उचलणे त्याला सहसा शक्य नसते. त्याने विचारणा लिहावयाची, जिला सर्वत्र ‘आर.एफ.आय.’ म्हणतात, आणि उत्तराची वाट पाहावयाची. काम ठरलेल्या दिवशी गेले पाहिजे म्हणून अनेकदा ‘गृहीत धरले आहे’ असा शेरा मारून मॉडेल पुढे पाठविले जाते. वास्तुशास्त्राच्या व स्थापत्य अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांत ह्या सॉफ्टवेअरचे शिक्षण आता दिले जाते. तसा शेरा कोणी वाचला, कोणी पुसला व कोणत्या अधिकाराने पुसला, ह्याचा माग काढण्याचे शिक्षण त्यांच्या प्रात्यक्षिकांत अद्याप फारसे दिसत नाही.

कायद्याची बाजूही ह्याहून फार पुढे गेलेली नाही. अनेक करारांत आजही बंधनकारक दस्तऐवज म्हणून सहीनिशी दिलेली सपाट आरेखनेच धरली जातात, आणि ज्या मॉडेलातून ती निघाली ते मॉडेल ‘केवळ संदर्भासाठी’ असा शेरा मारून सोबत दिले जाते. साइटवरचा अभियंता मात्र हातातल्या पडद्यावर मॉडेलच उघडतो, सांध्याभोवती ते फिरवून पाहतो, त्यावरून माप घेतो आणि मजुरांना सांगतो.